बेटावरच्या मंडळीचं छप्पर वादळात गेलंय. आम्ही जावं की पैसे पाठवावेत?

वेदगंगाकाठ

सर्वांना सलाम. प्रश्न लांबलाय, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहिते.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान, बेचाळीस घरांची. निपाणीपासून दहा-बारा किलोमीटर, वेदगंगेच्या काठाला. निम्म्या घरांतल्या बायका तंबाखूच्या वखारीत कामाला जातात, चार-पाच जणांची थोडीफार शेती, बाकी आमच्यासारखे पगारदार. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि तरुण संघाची चिटणीस आहे, म्हणजे दुसरं कोणी तयार झालं नाही म्हणून आहे.

माझा धाकटा दीर क्रूझ जहाजावर स्वयंपाकघरात काम करतो. त्याच्या केबिनमधला सोबती जमैकाचा. २०२५ च्या २८ ऑक्टोबरला मेलिसा वादळ जमैकावर आलं ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. पाचव्या श्रेणीचं, ताशी जवळपास तीनशे किलोमीटर वारा. बेटाच्या नैर्ऋत्येकडून घुसलं आणि उत्तरेला बाहेर पडलं. तिथं सेंट एलिझाबेथ नावाच्या परगण्यात, ब्लॅक रिव्हर गावापासून थोडं आत, ह्या सोबत्याच्या आईची मंडळी आहे. पन्नास-साठ माणसं, बहुतेक शेतकरी. छप्पर सगळं गेलं, भिंती उभ्या आहेत. दिराने फोटो पाठवला. व्यासपीठ जागच्या जागी, त्यावर भिजून दुप्पट फुगलेलं पवित्र शास्त्र, आणि वर नुसतं आभाळ. तो फोटो आमच्या ग्रुपवर पडला आणि तिथून सुरुवात झाली.

डिसेंबरात कापणीच्या सणाचा लिलाव झाला. एकच गावठी कोंबडी चार वेळा विकली गेली, कारण घेणारा परत दान करायचा. शेवटी अठराशेला गेली. सगळे मिळून ६१,४०० रुपये. आमच्याकडे एवढे कधीच जमले नव्हते. पंचांनी एका बैठकीत ठरवलं, पैसे जमैकाच्या मंडळीला. एका पंचांनी तेवढं विचारलं, "जमैका म्हणजे गेलचं गाव न्हवं?" होय म्हटल्यावर गप्प बसले.

आता अडचण. तरुण संघातल्या पोरांना स्वतः जायचंय. एक संस्था 'मिशन ट्रिप' नेते. दहा दिवस, माणशी १ लाख ९० हजार, टी-शर्टसकट. देवळाला, म्हणजे चर्चला, रंग द्यायचा, मुलांचा कार्यक्रम घ्यायचा, आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची. पोरं म्हणतात, आणखी वर्गणी काढू आणि निदान दोघांना पाठवू. पंच म्हणतात, पैसे पाठवा आणि मोकळे व्हा. मला दोन्ही पटत नाही. का पटत नाही ते सांगते.

२०१९ च्या ऑगस्टात पुरात आमचं देऊळ आठ दिवस पाण्यात होतं. यमगर्णीजवळ हायवेच बंद झाला होता, तेव्हा आमच्या गावाचं काय झालं असेल ते समजून घ्या. पाणी उतरल्यावर बाकांवर गाळ, पेटीचा भाता कुजलेला, भिंती छातीपर्यंत काळ्या. मदत पुष्कळ आली. जुन्या साड्यांची गाठोडी इतकी आली की शेवटी त्यांची पायपुसणी झाली. मग सप्टेंबरात एक गट आला, बत्तीस जण. चांगली मुलं होती, हसरी. त्यांनी पाच दिवसांत देऊळ आतून-बाहेरून रंगवलं, वरचे चार-सहा पत्रे बदलले, फोटो काढले, गाणी म्हटली, गेली. दगड-मातीच्या भिंतीची ओल आत तशीच होती. दिवाळीच्या आधीच रंगाचे पोपडे पडायला लागले आणि नाताळात व्यासपीठामागची भिंत नकाशासारखी दिसत होती. अजून तशीच आहे.

आणि त्या बत्तीस जणांचं जेवण आमच्याच चुलींवर. मी स्वतः मोजलेल्या भाकऱ्या सांगते, रोज एकशे ऐंशी. ज्या बायकांच्या घरातलं पीठ वाहून गेलं होतं त्या देवळाच्या आवारात बसून मदत करायला आलेल्यांना भाकरी थापत होत्या. कोणी तक्रार केली नाही. पाहुणे उपाशी कसे ठेवायचे?

त्याच गटाबरोबर एक प्लंबर होता, चाळिशीचा, गप्प. त्याने रंगाला हात लावला नाही. पहिल्या दिवशी आमच्या म्हाताऱ्या पंचांना विचारलं, "प्यायचं पाणी कुठलं?" आणि पंप लावून विहीर उपसली. दोनदा उपसली. डिसेंबरात स्वतःच्या खर्चाने परत आला, पाणी कसं आहे बघायला. त्याचं नाव अजून आमच्याकडे प्रार्थनेत घेतात.

म्हणून विचारते. आमची पोरं तिथं गेली तर बत्तीस जणांतली होतील की प्लंबर होतील? पैसे पाठवायचे तर कसे पाठवायचे? आणि तिथल्या लोकांना विचारायचं तर काय विचारायचं, म्हणजे ते भिडेपोटी "काहीही चालेल" असं म्हणणार नाहीत? आम्ही तेच म्हणालो होतो.


टिळकवाडीकर

अक्का, रागावू नका, पण काय बोलूलाय ओ तुम्ही. आपल्या खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांना पावसात अजून धड रस्ता नाही, आणि तुम्ही निघालाय जमैकाला. ६१ हजारांत इथं दोन घरांवर पत्रे पडतील की.


वेदगंगाकाठ

रागावले नाही, हाच प्रश्न पंचांच्या बैठकीतही आला. २०१९ ला आमच्याकडे पहिली मदत आली ती कन्याकुमारीकडच्या एका कोळी मंडळीची, अकरा हजारांची. २०१७ च्या ओखी वादळात त्यांचीच माणसं समुद्रात गेली होती, कित्येक परत आली नाहीत. त्यांनी "आधी घरचं बघा" म्हटलं असतं तर चुकलं नसतं. तरी पाठवले. वाड्यांच्या रस्त्याचं म्हणाल तर तुम्ही पुढाकार घ्या, आमची पोरं फावडं घेऊन येतील. हे टोमण्याने नाही, खरंच सांगते.


खडेबाजार हिशेबनीस

भावना बाजूला ठेवून पैशाचं सांगतो, कारण ह्यात मंडळ्या अडकलेल्या मी बघितल्यात.

मंडळी नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर ट्रस्टच्या खात्यातून परदेशी पैसे पाठवायच्या भानगडीत पडू नका. प्राप्तिकरातली सूट ही भारतातल्या कामावर केलेल्या खर्चाला आहे. परदेशातल्या खर्चाला आधी वरून मंजुरी आणावी लागते आणि ६१ हजारांसाठी ती कोणी आणत नाही. एफसीआरएचं नाव लोक उगाच घेतात, तो कायदा बाहेरून येणाऱ्या पैशाचा.

सरळ वाट अशी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत कोणीही निवासी भारतीय व्यक्ती वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकते, त्यात भेट आणि देणगी बसते. व्यक्ती, ट्रस्ट नाही. म्हणजे ज्यांनी लिलावात पैसे दिले त्यांनी स्वतःच्या नावाने पाठवायचे, किंवा सगळ्यांनी मिळून एकाला द्यायचे आणि त्याने पाठवायचे. पॅन लागेल, बँकेत ए-२ फॉर्म भरावा लागेल, घेणाऱ्याच्या बँकेचा स्विफ्ट कोड लागेल. कोणाकडून किती घेतले ते वहीत सह्यांसकट लिहून ठेवा. पुढे कोणी विचारलं तर ती वहीच बोलेल.

एक गोष्ट विसरू नका. मधल्या बँका आपापलं कमिशन कापतात. दहा जणांनी दहा वेळा पाठवलं तर दहादा कापलं जाईल. एकदाच पाठवा. हाती साडेसहाशे डॉलरच्या आसपास पडतील असं धरून चाला.


खानापूरचा सुतार

ताई, तुमचा प्रश्न परवापासून डोक्यात घोळतोय. मी जमैका बघितलेलं नाही. पण चार वर्षं फिजीत होतो. आधी मस्कत, मग एका कंत्राटदाराबरोबर तिकडं, रिसॉर्टची छपरं बांधायला. विन्स्टन वादळ आलं तेव्हा मी राकीराकीच्या जवळ होतो. २० फेब्रुवारी २०१६, शनिवार. देशभर संचारबंदी लावली होती. ४४ माणसं गेली. कोरो बेटावर तर काही शिल्लकच राहिलं नाही असं म्हणायचे. वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटर. आकडा ऐकून काही कळत नाही, आवाज ऐकला की कळतं. मी तो परत ऐकणार नाही एवढीच प्रार्थना करतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्या कॅम्पशेजारच्या गावात मेथडिस्ट देऊळ होतं, छप्पर उडालेलं. तिथं घंटा नसते, लाकडाचा मोठा पोकळ ओंडका असतो, त्याला लाली म्हणतात. तो बडवून भक्तीला बोलावतात. सकाळी लाली वाजली. मला वाटलं कोणी सापडलं, मदतीला बोलावतायत. धावत गेलो तर लोक चिखलात चटया टाकून बसलेले आणि भक्ती चाललेली. मीही बसलो. भाषा एक अक्षर कळली नाही.

आता कामाचं सांगतो. लोकांना वाटतं वारा छप्पर दाबून पाडतो. तसं नाही. वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा पत्रा वर ओढला जातो, चिमटीत धरून उचलल्यासारखा. त्यात एखादी खिडकी फुटली की वारा आत शिरतो आणि खालनंही ढकलतो. वरून ओढ, खालनं ढकल. साधा खिळा सरळ वर उपसून येतो, एकदम गुळगुळीत. मी असे खिळे ओंजळभर गोळा केले होते, एकही वाकलेला नव्हता. म्हणून पत्र्याला स्क्रू पाहिजे, वॉशरसकट. कडेच्या ओळीला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ दाट, कारण ओढ तिथं सगळ्यात जास्त. आणि नुसता पत्रा घट्ट करून भागत नाही, नाहीतर वारा पत्रा रिपांसकट नेतो. रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या तुळईला, तुळई भिंतीत खाली, असं सगळं लोखंडी पट्टीने बांधत जायचं. गॅल्व्हनाइज्ड पट्टी, बोटाएवढी रुंद. एकाची साखळी दुसऱ्याला. एक कडी सुटली की सगळं गेलं.

ही पट्टी आणि हे स्क्रू म्हणजे छपराच्या खर्चातला लहानसा भाग. पण देणगीदाराला फोटोत दिसत नाहीत. रंग दिसतो.

विन्स्टननंतर फिजी सरकारने लोकांना घरासाठी कार्डं दिली, नुकसानीप्रमाणे दीड हजार, तीन हजार, सात हजार फिजी डॉलर. कार्ड घेऊन दुकानात जायचं आणि सामान उचलायचं. कल्पना चांगली, पण सगळा देश एकदम दुकानात गेला. लाकूड संपलं, पत्रा संपला. लोक कार्ड खिशात घेऊन महिनोनमहिने ताडपत्रीखाली राहिले. म्हणून तुमच्या जमैकावाल्यांना पहिला प्रश्न हा विचारा: पैसा आला तर तिथं माल मिळतोय का? मिळत नसेल तर काय अडलंय, माल की कारागीर?

दुसरा प्रश्न विचारा: ठरलेल्या कामाला कोण पैसे देतंय आणि कोणत्या कामाला कोणीच देत नाही?

"तुम्हाला काय पाहिजे" असं विचारू नका. तुम्ही म्हणताय तसं, भिडेचं उत्तर येतं. आमच्या शेजारच्या गावालाही कोणीतरी असंच विचारलं होतं, कपड्यांचं गाठोडं आलं, त्यात लोकरीचे स्वेटर. फिजीजवळच्या वनुआतू देशात २०१५ ला पॅम वादळानंतर पोर्ट विलाच्या धक्क्यावर असल्या न मागितलेल्या मालाचे कंटेनर महिनोनमहिने पडून होते. उंच टाचांचे बूट, हँडबॅगा, घोंगड्या. साठवणीचं भाडं चढत गेलं ते वेगळं.

आता पोरांचं. आमच्याकडे मे महिन्यात परदेशातून एक गट आला त्या देवळाचं छप्पर घालायला. पंधरा जण, मनाने सोन्यासारखे. पण फिजीत गावात शिरायची रीत असते. आधी यांगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन गावच्या प्रमुखाकडे जायचं, बसायचं, परवानगी मागायची. त्याला सेवूसेवू म्हणतात. गावात डोक्यावर टोपी घालत नाहीत. हे पंधरा जण टोप्या आणि गॉगल घालून थेट देवळावर शिड्या लावून मोकळे. कोणी काही बोललं नाही. म्हाताऱ्या बायका आत निघून गेल्या.

पुढं असं झालं की त्यांचं विमान मंगळवारी आणि काम अर्धं. त्यांनी रविवारी हातोडे काढले. तिथं रविवारी गावात कोणी काठीसुद्धा तोडत नाही. गावचा प्रचारक, वाकातावा म्हणतात त्याला, सत्तरीचा माणूस, पांढरा सदरा, गुडघ्याखालीपर्यंतची सुलू नेसलेला. तो आला आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. रागावला नाही, हुज्जत नाही. पाय पसरून बसला आणि वरच्या पोराकडे बघून हसला. दोन तास. पोरगं वर, म्हातारा खाली. शेवटी पोरालाच लघवीला जायचं होतं म्हणून उतरलं.

मंगळवारी ते गेले. उरलेलं छप्पर घाईत खिळ्यांनी ठोकलेलं. बुधवारी गावातले चौघे सुतार आणि मी वर चढलो, सगळे खिळे काढले आणि स्क्रू मारले. त्यांच्यात सगळ्या गावाने मिळून काम करायला सोलेसोलेवाकी म्हणतात, आपल्या इर्जिकीसारखं. आठ दिवसांत संपवलं. मजुरी कोणी मागितली नाही, पण त्या आठ दिवसांत त्यांचं स्वतःचं घर तसंच उघडं होतं. माझ्या मनात तेव्हा आलं, त्या पंधरा जणांच्या तिकिटातल्या एका तिकिटाचे पैसे ह्या चौघांना रोज म्हणून दिले असते तर?

म्हणून माझं मत: पोरांना पाठवू नका. २०२० च्या एप्रिलमध्ये वनुआतूवर हॅरॉल्ड वादळ आलं तेव्हा करोनामुळे सीमा बंद होत्या, बाहेरची पथकं उतरूच शकली नाहीत. गावांनी आणि मंडळ्यांनी आपलं आपण उभं केलं. ते साडेसहाशे डॉलर तिथल्या सुताराच्या मजुरीला आणि पट्टी-स्क्रूला द्या. रंगाला देऊ नका.

आणि ताई, तुमच्या देवळाचे ते बदललेले पत्रे कशाने ठोकलेत ते एकदा वर चढून बघा. वळवाचा वारा काही कमी नसतो.


बेनन स्मिथचा जुना विद्यार्थी

सुतारबुवांचं लिखाण वाचून कागद चाळले. आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल, पण बेळगाव आणि फिजी ही दूरची भावंडं आहेत. बेळगावात १८२० मध्ये काम सुरू केलं ते लंडन मिशनरी सोसायटीने. माझी बेनन स्मिथ शाळाही त्यांच्याच मुळावर वाढलेली, पुढे मेथडिस्टांकडे गेली. त्याच सोसायटीने १८३० मध्ये फिजीच्या ओनेआता बेटावर माणसं पाठवली, पण ती गोरी नव्हती. ताहिती बेटावरची होती. ब्रिटनचे वेस्लियन, म्हणजे मेथडिस्ट, मिशनरी फिजीच्याच लाकेम्बा बेटावर उतरले ते त्यानंतर पाच वर्षांनी, १८३५ ला.

ह्याहून मोठी गोष्ट १८७५ ची. त्या वर्षी फिजीत गोवराची साथ आली. बाहेरून जहाजातून आलेली. चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज सांगतात, म्हणजे दर चार जणांत एक. गावंच्या गावं रिकामी. आणि त्याच वर्षी न्यू ब्रिटन बेटावर धर्मप्रसाराला कोण जाणार असं विचारल्यावर तिथल्या धर्मशिक्षण शाळेतले फिजीचे तरुण पुढे झाले. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून बजावलं, तिथं जीव जाईल. ते म्हणाले, आम्ही विचार करून ठरवलंय. १८७८ मध्ये फिजीतून गेलेल्यांतले चार जण तिथं खरंच मारले गेले.

मिशन म्हटलं की आपण देणारे आणि बेटावरचे घेणारे असं चित्र डोळ्यांपुढे येतं. कागद तसं सांगत नाहीत. तुमच्या पोरांना "तुम्ही जमैकाला काय देणार" एवढंच विचारू नका. जमैकाच्या मंडळीतल्या कोणाला, छप्पर झाल्यावर, तुमच्या व्हिडिओ कॉलवर उपदेश द्यायला बोलवा.


कॅम्पातली नर्स

मी कॅथलिक आहे, तरी मध्ये बोलते. सुतारदादांचं छपराचं सगळं पटलं. "जाऊ नका" हे पूर्ण पटलं नाही.

मी आखातात काम करत होते तेव्हा वॉर्डात माझ्याबरोबर लेते बेटावरची एक फिलिपिनो नर्स होती. २०१३ च्या नोव्हेंबरात हैयान वादळात तिच्या टाक्लोबानमध्ये समुद्र शहरात शिरला. देशात सहा हजारांवर माणसं गेली, त्यांत तिची मावशी. चौदा महिन्यांनी, १७ जानेवारी २०१५ ला, पोप फ्रान्सिस तिथं गेले. त्या दिवशीही वादळ येत होतं. लोकांच्या अंगावर पिवळे प्लास्टिकचे रेनकोट, पोपच्या अंगावरही तोच. लिहून आणलेला उपदेश त्यांनी बाजूला ठेवला आणि मला शब्द सापडत नाहीत अशा अर्थाचं बोलले. वादळामुळे विमान लवकर उडवावं लागलं, कार्यक्रम अर्धवट राहिला. आम्ही दोघी ते नर्सेस रूममधल्या टीव्हीवर बघत होतो. माझी मैत्रीण म्हणाली, घर अजून झालेलं नाही, पण आज कोणीतरी आमच्याबरोबर भिजलं.

काम करायला जाणं वेगळं आणि भेटायला जाणं वेगळं. तुमचा दीर त्याच भागातल्या बंदरांना लागतो ना? मग १ लाख ९० हजार कशाला? त्याला एक दिवस सुटी मिळाली तर टॅक्सीने त्या म्हाताऱ्या आईला भेटून येऊ दे. हातोडा न घेता.


वेदगंगाकाठ

उशीर झाला, शाळेच्या परीक्षा होत्या. सगळ्यांची उत्तरं मी छापून पंचांच्या बैठकीत वाचून दाखवली. शिडीवाल्या म्हाताऱ्याच्या ठिकाणी सगळे इतके हसले की पाळकसाहेबांना प्रार्थना करून बैठक परत सुरू करावी लागली.

सुतारदादा, तुमचे दोन्ही प्रश्न जसेच्या तसे इंग्रजीत करून पाठवले. तिथं आणि इथं साडेदहा तासांचा फरक, त्यामुळे उत्तर पहाटे तीनला आलं. त्या मंडळीच्या खजिनदार बाई आहेत, बोलणं रोखठोक. ताडपत्री भरपूर आलीय, आणखी नको. पत्रा एका संस्थेने कबूल केलाय. ते पत्र्याला झिंक म्हणतात, मला आधी कळेचना. पण सुताराची मजुरी कोणीच देत नाही, सगळे म्हणतात आम्ही माणसं पाठवतो. तिथले दोन सुतार मंडळीतलेच आहेत, ते रोजावर दुसरीकडे जातात कारण पोट आहे. पट्ट्या नाहीत. आणि एक गट रंग देऊ म्हणतोय, त्यांना नाही कसं म्हणायचं ते तुम्ही सांगा, असं त्यांनी आम्हालाच विचारलंय! खाली लिहिलंय: तुमच्या भिंतीची ओल आता गेली का? दिराने त्यांना आमच्या भिंतीचा फोटो कधी दाखवला कोण जाणे.

मजुरी आणि पट्ट्या, असं ठरलं. आमचे एक पंच निवृत्त कंडक्टर आहेत, त्यांच्या नावाने एकदाच पाठवतोय. वहीत बेचाळीस घरांच्या सह्या झाल्या. हिशेबनीस साहेब, बँकेत ए-२ फॉर्म म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलाने तीन जणांना विचारलं, पण झालं.

भांडणही झालं, ते लपवत नाही. माझ्या काकांनी देवळावर चढून बघितलं. २०१९ ला बदललेल्या पत्र्यांवर स्क्रू एकही नाही. सगळे खिळे, आणि अकरा खिळे तर बोटाने हलतात. मग एकाने सुचवलं की ६१,४०० मधले अकरा हजार चारशे आपल्याच छपराला ठेवू. तेव्हा मागून आमच्या एक आजी उठल्या, त्यांनीच ती कोंबडी दिली होती. म्हणाल्या, "माझी कोंबडी चार वेळा जमैकाच्या नावानं विकली. आता पाचव्यांदा तुमच्या नावानं विकू व्हय?" विषय तिथंच संपला. आमच्या स्क्रूंसाठी वेगळी वर्गणी.

दिराचं जहाज मार्चमध्ये फालमाउथला लागणार आहे. सुटी मिळाली तर तो जाईल, मिठाई घेऊन. पोरं रुसलीयत, पण दोघांनी छपराचं काम शिकायची तयारी दाखवलीय.

म्हणून सुतारदादा, आता काम तुमच्याकडे. बेळगावातून निपाणीची बस पकडा, स्टँडवर पोरं गाडी घेऊन येतील. जेवणाची काळजी नको, एका माणसाला भाकऱ्या कितीशा लागणार. शनिवारी या. रविवारी मात्र नको, शिडीच्या पायरीवर बसायला आमच्याकडेही माणसं आहेत.